पडद्यावरचा अनुबिस आणि थडग्यातला अनुबिस

चित्रपट, मालिका, कादंबऱ्या आणि व्हिडिओ गेम यांतून भेटणारे प्राचीन इजिप्तचे देव मूळ श्रद्धेशी कितपत जुळतात, कोल्ह्याच्या डोक्याचा अनुबिस आणि वाळवंटाचा देव सेत यांच्या वाट्याला सतत खलनायकाचीच भूमिका का येते, आणि एखाद्या मराठी लेखकाला या देवांवर काल्पनिक कथा लिहायची असेल तर त्याने सुरुवात कुठून करावी, असा हा तीन पदरी प्रश्न आहे. प्राचीन इजिप्तचा धर्म आणि त्याचे ग्रंथ शिकवताना तो निरनिराळ्या शब्दांत माझ्यापुढे येत राहतो, आणि त्याचे उत्तर चुकांची यादी करून देता येत नाही, असे माझे मत आहे. आजच्या मनोरंजनात या देवांचे रूप बहुधा बऱ्यापैकी बरोबर असते, कारण कोल्ह्याचे डोके, ससाण्याची चोच, शहामृगाचे पीस या गोष्टी कोणत्याही चित्रकाराला भिंतींवरून उतरवून घेता येतात. चुकते ते या देवांचे काम. इजिप्ती माणसाने आपल्या देवाला ओळखले ते त्याच्या स्वभावावरून किंवा चरित्रावरून नव्हे, तर तो रोज कोणासाठी काय करतो यावरून. हे काम काढून घेतले आणि त्या जागी महत्त्वाकांक्षा, सूड किंवा जग जिंकण्याचा बेत घातला, की डोके कोल्ह्याचे राहिले तरी तो देव इजिप्तचा उरत नाही.

हे असे का होते, याचे एक कारण खुद्द साधनांमध्ये आहे. ग्रीक देवांच्या कथा होमरपासून सलग, पात्रांसह आणि संवादांसह आपल्यापर्यंत आल्या. इजिप्तमध्ये देवांविषयीचा अफाट मजकूर पिरॅमिडांच्या आतल्या भिंतींवर, शवपेट्यांवर, मंदिरांच्या भिंतींवर आणि पपायरसांवर आहे, पण त्यातला बहुतेक भाग स्तोत्रे, मंत्र आणि विधींचा आहे. तिथे कथा सांगितली जात नाही, ती वाचणाऱ्याला ठाऊक आहे असे धरून तिचा ओझरता उल्लेख केला जातो. मृतांचा राजा असलेल्या ओसायरिस देवाचा त्याच्या भावाने, सेतने, केलेला खून ही या धर्माची सर्वांत प्रसिद्ध कथा. परंतु ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग सांगणारा आपल्याजवळचा लेखक प्लुटार्क हा ग्रीक आहे आणि त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचा व दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा आहे, म्हणजे पिरॅमिड बांधून अडीच हजारांहून अधिक वर्षे लोटल्यानंतरचा. इजिप्ती ग्रंथ त्या खुनाचे थेट वर्णन टाळतात, कारण लिहिलेली आणि कोरलेली गोष्ट पुन्हा घडू शकते असा त्यांचा विश्वास होता. पेटीत बंद केलेला ओसायरिस, आजच्या लेबनॉनमधल्या बिब्लोस बंदराला वाहत गेलेली पेटी, शरीराचे चौदा तुकडे हा सगळा सलग तपशील आपण प्लुटार्ककडून घेतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा ग्रीक तत्त्वज्ञाचा चष्माही घेतो, ज्यातून ओसायरिस म्हणजे निखळ चांगले आणि सेत म्हणजे निखळ वाईट असे दिसते.

पटकथाकाराला सलग कथा हवी असते, त्यामुळे तो प्लुटार्ककडे वळतो. जिथे प्लुटार्क पुरत नाही तिथे तो नकळत ग्रीक ऑलिंपस, ख्रिस्ती नरक आणि सैतानाशी केलेला करार यांतून उसने घेतो. 2001 सालच्या ‘द ममी रिटर्न्स’ या चित्रपटात स्कॉर्पियन किंग वाळवंटात मरणासन्न असताना अनुबिसला आपला आत्मा देऊ करतो आणि त्या बदल्यात सैन्य मिळवतो. हे दृश्य सैतानाला आत्मा विकणाऱ्या फाउस्टच्या दंतकथेत चपखल बसते. इजिप्तमध्ये मात्र आत्मा विकत घेणारा देवच नव्हता, आणि अनुबिस तर ते करण्याची शक्यता सर्वांत कमी असलेला देव होता.

अनुबिसविषयी मी थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा प्रश्न त्याच्यापाशी सर्वांत स्पष्ट दिसतो. चौथ्या राजवंशाच्या काळातील मस्तबा नावाच्या सपाट छपराच्या थडग्यांमध्ये मृतासाठी जे दानमंत्र कोरलेले असतात, त्यांत राजाबरोबर ज्या देवाकडे मागणे मागितले जाते तो अनुबिस असतो. ओसायरिसचे नाव तिथे नंतर, पाचव्या राजवंशाच्या काळात, येऊ लागते. म्हणजे मृतांचा सर्वांत जुना सांभाळकर्ता हाच. त्याच्या बिरुदांवरून त्याचे काम कळते: ‘आपल्या डोंगरावर असलेला’, म्हणजे स्मशानावर वरून नजर ठेवणारा, ‘पवित्र भूमीचा स्वामी’, ‘देवमंडपाचा प्रमुख’, म्हणजे ज्या मंडपात शवसंस्कार होतो तिथला अधिपती. वाळवंटाच्या कडेला पुरलेली प्रेते उकरणारे कोल्हे-लांडगे इजिप्ती लोकांनी पाहिले होते. ज्याच्यापासून प्रेताला धोका, त्याच्याच रूपातल्या देवाकडे त्यांनी प्रेताच्या रक्षणाचे काम सोपवले, असे अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. इजिप्तमधला हा प्राणी खऱ्या अर्थाने कोल्हा नसून आफ्रिकी सोनेरी लांडगा आहे, हे 2015 सालच्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. त्याचा रंग तपकिरी-पिवळसर असतो. अनुबिस मात्र काळा रंगवला जातो, आणि पडद्यावर हा काळा रंग अंधार, भय व दुष्टपणा यांची खूण ठरतो. नाईलच्या काठी काळा हा पुरानंतर मागे राहणाऱ्या सुपीक गाळाचा आणि राळेने माखलेल्या ममीचा रंग होता, म्हणून तो पुन्हा उगवण्याचा रंग होता. ओसायरिसही कधी काळा तर कधी हिरवा दाखवतात, तो याच कारणाने.

तरुण राजा तुतनखामुनच्या थडग्यात उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरला अनुबिसची जी प्रतिमा सापडली, तिच्यासमोर पडद्यावरची अनुबिसची सेना उभी करून पाहावी. दफनकक्षाला लागून असलेल्या कोषागाराच्या दाराशी, वाहून नेण्याच्या दांड्या असलेल्या एका पेटीवर, काळ्या लाकडाचा हा प्राणी पाय पसरून बसलेला होता. कानांच्या आत सोन्याचा मुलामा, नखे चांदीची, आणि अंगावर तागाचे वस्त्र पांघरलेले. त्या वस्त्रावर आधीचा राजा अखेनातेन याच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षाची नोंद होती. कोणीतरी जुने पण चांगले कापड आणून ते देवाच्या अंगावर घातले होते. हा राखणदार आहे. त्याच्या चेहऱ्यावर जागरूकता आहे, क्रौर्य नाही.

मृत्यूनंतरच्या न्यायाच्या दृश्यातही तोच प्रकार आहे. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाच्या 125 व्या मंत्राशी जोडलेले ते चित्र आता जगभर परिचित आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या आनी आणि हुनेफर या लेखनिकांच्या पपायरसांमधली चित्रे सर्वाधिक छापली जातात. एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्य आणि न्याय यांची देवी माआत हिचे पीस. अनुबिस काट्याचा तोल पाहतो, लेखनाचा देव थोथ नोंद करतो, शेजारी मगरीचे तोंड, सिंहाचा पुढचा भाग आणि पाणघोड्याचा मागचा भाग असलेली अम्मित बसलेली असते. मराठी वाचकाला इथे यम आणि चित्रगुप्त आठवतात. थोथाच्या बाबतीत ते काही अंशी योग्य आहे, पण अनुबिसला यम समजणे चूक ठरेल. सिंहासनावर बसलेला न्यायाधीश ओसायरिस आहे. अनुबिस मृताचा हात धरून त्याला आत आणतो आणि काटा नीट चालतो की नाही एवढेच पाहतो; त्याने निकाल द्यायचा नसतो. शिवाय अशा चित्रांत मृत व्यक्ती नेहमी निर्दोष ठरलेलीच दाखवलेली असते, कारण ते चित्र भीती घालण्यासाठी नसून परीक्षा पार पाडण्यास मदत व्हावी म्हणून काढलेले असते. मृताला आपल्याच हृदयाची धास्ती वाटे, म्हणून ममीच्या छातीवर एक भुंगेऱ्याच्या आकाराचा ताईत ठेवत आणि त्यावर कोरलेल्या 30 ब या मंत्रातून हृदयाला विनवत, की बाबा रे, तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. हा नाट्यप्रसंग मला कोणत्याही राक्षसी लढाईपेक्षा थोर वाटतो, आणि मनोरंजनाने तो जवळजवळ वाया घालवला आहे.

या पार्श्वभूमीवर 2001 सालच्या ‘अमेरिकन गॉड्स’ या नील गेमन यांच्या कादंबरीतली एक कल्पना अनुबिसला न्याय देते. तिथे थोथ आणि अनुबिस हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील कैरो नावाच्या गावात अंत्यसंस्काराचा व्यवसाय चालवतात. ते गाव खरोखर आहे आणि त्या भागाला ‘लिटल इजिप्त’ असे म्हणतात. लेखकाने देवांचा काळ, देश, कपडे सगळे बदलले, पण काम बदलले नाही: मृतदेह स्वच्छ करणे, शिवणे, तो नातेवाइकांनी पाहण्याजोगा करणे, आणि ते सारे आदराने करणे. चारशे पुतळे आणि हजारो योद्धे दाखवणाऱ्या चित्रपटांपेक्षा या एका शवागारात मला खरा अनुबिस जास्त दिसतो.

सेतची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण त्याला खलनायक ठरवण्याचे काम इजिप्तनेच सुरू केले. तो वाळवंटाचा, वादळाचा, परक्या मुलुखांचा आणि बेलगाम बळाचा देव. ओसायरिसचा खुनी तोच, ओसायरिसचा मुलगा होरस याचा वैरी तोच. तरीही ज्या काळात इजिप्त सर्वांत बलाढ्य होता त्या काळात राजे आपल्या मुलांची नावे त्याच्यावरून ठेवत होते: एकोणिसाव्या राजवंशात सेती आणि विसाव्यात सेतनख्त. अबू सिंबेलच्या लहान मंदिरात होरस आणि सेत दोघे दोन बाजूंना उभे राहून दुसऱ्या रामसेसला आशीर्वाद देतात. पहिल्या सेतीने ओसायरिसच्या अबायडोस नगरीत मंदिर बांधले तेव्हा स्वतःच्या नावातले सेतच्या प्राण्याचे चिन्ह तिथे टाळले आणि त्या जागी दुसरे चिन्ह वापरले. यजमानाच्या घरी त्याच्या मारेकऱ्याचे चित्र कोरू नये, एवढा विवेक त्याने पाळला, पण नाव काही सोडले नाही. या एका कृतीतून इजिप्ती मनाला सेत कसा वाटत होता ते कळते.

सेतचे काम कोणते, याचे उत्तर सूर्याच्या नौकेत मिळते. रोज रात्री रा हा सूर्यदेव आपल्या नौकेतून पाताळाचा प्रवास करतो आणि अपोफिस नावाचा महासर्प ती नौका अडवतो. नौकेच्या नाळेवर उभा राहून त्या सर्पाला भाल्याने भोसकणारा देव सेत आहे. इतर देवांजवळ ज्ञान आहे, मंत्र आहेत. पण त्या क्षणी आंधळ्या, रांगड्या ताकदीची गरज असते आणि ती फक्त सेतकडे आहे. म्हणजे ज्या बळाने भावाला मारले तेच बळ रोज पहाटे जगाला वाचवते. इजिप्ती विचारात अपोफिस हा खरा शत्रू: त्याला मंदिर नाही, नैवेद्य नाही, तो कोणाचा पूज्य देव नाही. सेत हा आतला आहे, घरातला आहे, धोकादायक आहे आणि आवश्यक आहे.

पुढे चित्र पालटले. इसवी सनापूर्वी 663 मध्ये असिरियन सैन्याने थीब्ज हे मोठे शहर लुटले, 525 मध्ये पर्शियन राजा कॅम्बिसीसने देश जिंकला, आणि परक्यांचा देव म्हणून सेतकडे पाहणाऱ्यांच्या मनात आता परका म्हणजे चढाई करणारा असा अर्थ पक्का झाला. इसवी सनापूर्वी 237 मध्ये ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या एडफूच्या मंदिरात दरवर्षी होरस पाणघोड्याच्या रूपातल्या सेतला भाल्यांनी मारतो, असा विधी होत असे. तरीही पश्चिमेकडच्या मरुउद्यानांत त्याची पूजा टिकली. खार्गा मरुउद्यानातल्या हिबिसच्या मंदिरात, पर्शियन अमलातच, पंख असलेला सेत सर्पाला भोसकताना कोरलेला आहे. प्लुटार्कपर्यंत पोहोचला तो या प्रवासाच्या शेवटचा, काळवंडलेला सेत, आणि आपल्या पडद्यावर आला तोही तोच.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेने 1975 साली ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ या कथेत सुतेख या नावाने त्याला सर्व सजीवांचा संहार करू पाहणारा परग्रहवासी केले, आणि 2024 साली तो परतला तेव्हा तर थेट मृत्यूचा देव म्हणून. हे सेतचे काम कधीच नव्हते. उलट रिक रायर्डन यांनी मुलांसाठी लिहिलेल्या आणि 2010 ते 2012 या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘केन क्रॉनिकल्स’ या तीन कादंबऱ्यांत सेत पहिल्या पुस्तकात शत्रू असतो, परंतु पुढे खरा धोका अपोफिसचा आहे आणि त्याच्याशी लढताना सेतला वगळून चालणार नाही, हे कथेतूनच उलगडत जाते. अमेरिकन शाळकरी मुलांच्या विनोदी बोलीत लिहिलेल्या या पुस्तकांना अनेक जाणकार गंभीरपणे घेत नाहीत. मला ती मंडळी चुकतात असे वाटते, कारण गाभ्याची गोष्ट या पुस्तकांनी अचूक पकडली आहे.

2016 सालच्या ‘गॉड्स ऑफ इजिप्त’ या चित्रपटाबद्दल इथे लिहायलाच हवे. प्रदर्शनापूर्वीच, इजिप्तच्या देवांच्या प्रमुख भूमिकांत बहुतांश गोरे युरोपीय वंशाचे नट घेतल्याबद्दल टीका झाली आणि दिग्दर्शक अलेक्स प्रोयास व निर्मितीसंस्था यांनी जाहीर माफी मागितली. ती टीका योग्यच होती. चित्रपट म्हणूनही तो मला आवडत नाही. तरीही त्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या शहाण्या चित्रपटांनाही जमल्या नाहीत. एक म्हणजे देवांच्या जखमांतून सोने वाहते. ‘दिव्य गायीचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात वृद्ध झालेल्या राचे वर्णन हाडे चांदीची, मांस सोन्याचे आणि केस लापिस लाझुली या निळ्या रत्नाचे असे केलेले आहे. दुसरी म्हणजे राचे पात्र: म्हातारा, थकलेला, एकटा, आकाशात नौका ओढत नेणारा आणि प्रत्येक रात्री सर्पाशी झुंजणारा. त्या दृश्यांमध्ये काही मिनिटे तरी देव आपल्या कामावर आहे.

इमहोतेपच्या वाट्याला आलेला अन्याय वेगळ्या जातीचा आहे, कारण तो ऐतिहासिक माणूस होता. तिसऱ्या राजवंशातल्या जोसेर राजाचा हा उच्च अधिकारी. सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडशी त्याचे नाव जोडलेले आहे. मृत्यूनंतर शतके लोटली तसतसा तो लेखनिकांचा आदर्श, मग रोग बरे करणारा देव झाला, आणि ग्रीकांनी त्याला आपल्या वैद्यकाच्या देवाच्या, अस्क्लेपियसच्या, पंक्तीत बसवले. रोगी त्याच्या मंदिरात बरे होण्याच्या आशेने येत. 1932 साली बोरिस कार्लॉफची भूमिका असलेल्या ‘द ममी’ने आणि नंतर 1999 सालच्या त्याच नावाच्या चित्रपटाने या नावाला शापित, प्रेमांध, खुनशी पुजारी करून टाकले. जुन्या चित्रपटात निदान शेवटी नायिकेच्या प्रार्थनेला ओसायरिसची पत्नी आयसिस हिची मूर्ती प्रतिसाद देते, म्हणजे देवता तिथे शरण आलेल्याला वाचवते. 1999 च्या चित्रपटात माणसांचे मांस खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे थवे आहेत. खरा भुंगेरा शेणाचा गोळा ढकलत नेतो आणि म्हणूनच तो खेपरी, सकाळचा सूर्य क्षितिजावर ढकलणारा, झाला. जगातल्या एका निरुपद्रवी किड्यात रोजची पहाट पाहणाऱ्या दृष्टीचे असे भयपटात रूपांतर व्हावे, याचे मला वाईट वाटते.

‘मून नाइट’ विषयी बहुतेक वाचक विचारतात, म्हणून थोडे सांगतो. हे पात्र मार्व्हलच्या कॉमिकमध्ये 1975 साली आले आणि 2022 साली त्यावर मालिका झाली, जिचे प्रमुख दिग्दर्शक मोहम्मद दियाब हे स्वतः इजिप्ती आहेत. त्यामुळे आजचा कैरो तिथे माणसांचे शहर म्हणून दिसतो, उंट आणि वाळू यांचा देखावा म्हणून नाही. देवांच्या बाबतीत मालिकेने मोकळेपणाने बदल केले. पक्ष्याच्या कवटीचे डोके असलेला खोन्शू इजिप्तच्या कलेत कुठेच नाही. मूळ खोन्सू हा थीब्जच्या अमुन आणि मुत यांचा मुलगा, चंद्राचा देव, बहुधा बाजूला केसांची बट असलेल्या तरुणाच्या किंवा ससाण्याच्या डोक्याच्या रूपात येतो. पण त्याचा उग्रपणा लेखकांच्या मनचा नाही. पाचव्या राजवंशाच्या अखेरीस उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये कोरलेल्या एका भयानक स्तोत्रात राजा देवांनाच खातो आणि खोन्सू त्याच्यासाठी त्यांचे गळे कापतो. हाच देव पुढे रोग निवारणारा होतो. लूव्र संग्रहालयातल्या एका शिलालेखात कथा आहे, की बख्तानच्या राजकन्येला पिशाचबाधा झाली म्हणून खोन्सूची मूर्ती दूरदेशी पाठवली. ती बरी झाली, पण तिथल्या राजाने लोभाने मूर्ती ठेवून घेतली, आणि शेवटी देव सोन्याच्या ससाण्याच्या रूपात इजिप्तकडे उडून जात असल्याचे स्वप्न पडल्यावरच घाबरून परत पाठवली. कठोर आणि कनवाळू अशी दोन टोके एकाच देवात सामावतात, ती अशी. मालिकेतली अम्मित मात्र मला खटकते. गुन्हा घडण्याआधीच शिक्षा देऊ पाहणारी आणि भक्तगण असलेली देवी म्हणून ती दाखवली आहे. मूळ अम्मितची पूजा होत नव्हती, आणि न्याय होतो तो आयुष्य संपल्यावर, सगळे काटेकोर मोजून. तावेरेत ही पाणघोडीच्या रूपातली देवी बाळंतिणींची रक्षक होती. मालिकेने तिला मृतांच्या नौकेवर नेमून हृदये तोलायला लावली, म्हणजे अनुबिसचे काम दिले, पण तिचा मायाळूपणा जपला.

देवांना परग्रहवासी ठरवण्याची जी परंपरा ‘स्टारगेट’ने 1994 साली लोकप्रिय केली, तिच्यावर माझा आक्षेप अधिक तीव्र आहे. त्या चित्रपटाने प्राचीन भाषेच्या उच्चारांसाठी तज्ज्ञाची मदत घेतली होती, आणि भाषेपुरते त्याचे श्रेय द्यायलाच हवे. परंतु रा हा माणसांना गुलाम करणारा परका जीव आणि पिरॅमिड ही त्याची यानतळे, अशी मांडणी केली की एका समाजाचे श्रम, त्याची गणिते आणि त्याची भक्ती या तिन्ही गोष्टी त्याच्याकडून काढून घेतल्या जातात. 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नौकांतून गिझाला नेण्याच्या फेऱ्या तिच्यात नोंदलेल्या आहेत. खुफूचा पिरॅमिड उभारणारी ही माणसे होती. कथा काल्पनिक आहे हे प्रेक्षकाला कळते असे म्हणून हा मुद्दा उडवून लावतात, परंतु माझ्या वर्गात येणारी मुले परग्रहवासीयांबद्दल विचारतात आणि मेरेरचे नाव त्यांनी ऐकलेले नसते.

व्हिडिओ गेमने तुलनेने चांगले काम केले आहे. 2002 सालच्या ‘एज ऑफ मायथॉलॉजी’मध्ये ग्रीक पक्षाला देवांची कृपा प्रार्थनेने मिळते, नॉर्स पक्षाला लढाईने, आणि इजिप्ती पक्षाला स्मारके बांधून. खेळाचा एक साधा नियम म्हणून हे आखले असेल, पण त्यात एक मोठे सत्य आहे. इजिप्तमध्ये देव आणि माणसे यांचे नाते बांधकाम, नैवेद्य आणि देखभाल यांवर उभे होते. रोज पहाटे पुजारी गाभाऱ्याची मोहर तोडून दार उघडी, मूर्तीला धूप दाखवी, स्नान घाली, वस्त्रे नेसवी, अन्न ठेवी आणि आपल्या पाऊलखुणा पुसत मागे सरकून बाहेर येई. पंढरपूरच्या काकड आरतीला पहाटे उभा राहिलेला माणूस हे वर्णन वाचून चकित होणार नाही. 2017 सालच्या ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ने टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या काळातला इजिप्त उभा केला आणि 2018 साली त्याचीच लढाया वगळून केलेली शैक्षणिक सफर दिली, शहरे, मंदिरे आणि ममी करण्याची प्रक्रिया त्यात शांतपणे फिरून पाहता येते. देवांना अवाढव्य प्रतिस्पर्धी म्हणून लढायला लावणारे प्रसंग त्याच खेळात आहेत, ते मी नाइलाज म्हणून सोडून देतो. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. 2012 साली ‘स्माइट’ या खेळात कालीमातेचे चित्रण आले तेव्हा हिंदू संघटनांकडून निषेध झाला, कारण तिचे उपासक आज जिवंत आहेत. इजिप्तच्या जुन्या धर्माची सलग परंपरा फिलेच्या आयसिस मंदिराबरोबर सहाव्या शतकात संपली. आज काही छोटे गट या देवांची नव्याने उपासना करतात, पण त्यांचा आवाज स्टुडिओपर्यंत पोहोचत नाही. ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही त्यांच्याबाबत लेखकाने अधिक सांभाळून लिहावे, असे मला मनापासून वाटते.

आता लेखनाची सुरुवात. पहिली सूचना अशी की आंतरजालावर फुकट मिळतात म्हणून वॉलिस बज यांच्या पुस्तकांवर विसंबू नये. 1934 साली निधन पावलेल्या या विद्वानाचे कष्ट मोठे होते, पण त्यांची भाषांतरे आणि मते तेव्हापासून बरीच मागे पडली आहेत. त्याऐवजी मूळ कथांची अलीकडची भाषांतरे मिळवावीत. चेस्टर बीटी संग्रहातल्या पहिल्या पपायरसावरचा होरस आणि सेत यांचा खटला आधी वाचावा. पाचव्या रामसेसच्या काळातल्या या हस्तलिखितात देवांची सभा ऐंशी वर्षे भांडत बसते, न्यायाधीश रुसून निघून जातो, दगडी नौकांची शर्यत लागते तेव्हा होरस लाकडाच्या नौकेला चुना फासून ती दगडाची भासवतो आणि सेत खरोखर डोंगराचे शिखर फोडून नौका करतो व बुडतो. शेवटी होरसला राज्य मिळते, पण सेतला मारून टाकत नाहीत; रा त्याला आपल्याजवळ ठेवून घेतो आणि आकाशात गर्जना करण्याचे काम देतो. ज्यांना अनुबिसचे साहस हवे आहे त्यांनी लूव्रमधला जुमिलहाक पपायरस पाहावा: तिथे सेत बिबट्याचे रूप घेतो, अनुबिस त्याला पकडून डागतो, आणि बिबट्याच्या अंगावर ठिपके कसे आले ते त्यातून कळते.

पण मला स्वतःला कोणी पहिली कथा निवडायला सांगितली, तर मी तुरिनच्या पपायरसावरची आयसिस आणि राच्या गुप्त नावाची कथा देईन. रा इतका म्हातारा झाला आहे की चालताना त्याच्या तोंडातून लाळ गळते. आयसिस ती लाळ मातीत कालवून त्याचा साप करते आणि त्याच्या नेहमीच्या वाटेवर ठेवते. साप चावतो, आणि ज्याने सगळी सृष्टी निर्माण केली त्याला हे विष मात्र ओळखता येत नाही, कारण ते त्याने निर्माण केलेले नाही. आयसिस उपाय सांगते: नाव सांगितलेस तर जगशील. तो आपली एकेक बिरुदे सांगत जातो, ती एकेक नाकारते, विष चढत जाते, आणि अखेर तो नाव तिच्या हवाली करतो. ते नाव वाचकाला मात्र कधीच कळत नाही. विशेष म्हणजे ही कथा पपायरसावर विंचू आणि साप यांच्या विषावरचा मंत्र म्हणून लिहिलेली आहे, आणि तिच्याखाली ती कशी वापरावी याच्या सूचना आहेत. ज्याला साप चावला आहे त्याच्या उशाशी बसून ही कथा मोठ्याने म्हणणारा वैद्य आणि ती ऐकणारा, अंगात विष भिनत चाललेला रोगी, अशी दोन माणसे कल्पनेत आणावीत आणि देवांना पडद्यावर आणण्याआधी पहिले प्रकरण त्या दोघांवर लिहून पाहावे.